एका भिंतीसमोरच्या एकेचाळीस बायका

महानंदाक्का गॅस पेटवायच्या तेव्हा आधी घर रिकामं करायच्या. अप्पांना दुकानाच्या बाजूला पाठवायच्या, मांजराला हाकलायच्या आणि शेजारपाजारचं कुणी दारात उभं असेल तर त्याला "जरा पल्याड व्हा" म्हणायच्या. मग लांब उलथन्याच्या टोकाला सुतळीने काडी बांधायची, ती देवाच्या दिव्यावर पेटवायची, मान वळवून डोळे मिटायचे आणि "शिव शिव, शिव शिव" म्हणत अंदाजाने हात शेगडीकडे न्यायचा. भप्प असा आवाज झाला की त्या मागे उडायच्या. निळी ज्योत दिसली की पदराने कपाळ पुसून म्हणायच्या, "झालं बाई आजचं."

आमच्या आणि त्यांच्या घरामधली भिंत एकच. मी घाटनांदूरला एका आडत दुकानात हिशोब लिहितो. सकाळी निघायच्या आधी पलीकडून "शिव शिव" आणि मग भप्प ऐकू यायचं. तो आवाज येईपर्यंत माझी बायको आमची शेगडी लावत नसे. म्हणायची, "अक्का वाचल्या. आता आपलं लावू."

अक्का साठीच्या पुढच्या, बारीक, ताठ. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, लुगडं कायम गुडघ्याच्या वर खोचलेलं, कारण दिवसातला निम्मा वेळ गोठ्यात. दोन म्हशी, एक गाय. त्यांचे मालक बसलिंगअप्पा पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. घरातलं बोलणं अक्कांकडे होतं, आणि त्या बोलायच्या ते बहुतेक भीतीविषयी.

बहुतेक माणसं भीती पोटात ठेवतात. अक्का ती ज्याची वाटते त्यालाच सांगून टाकायच्या. बँकेत खिडकीमागच्या मुलीला म्हणायच्या, "बाई, मला तुजं लई भ्या वाटतंय. जरा हळू बोल." दवाखान्यात डॉक्टरांना म्हणायच्या, "सुईचं न्हाई, तुमच्या चेहऱ्याचं भ्या वाटायलंय." आणि गंमत अशी, की ती मुलगी हळू बोलायची आणि डॉक्टर हसायचे. एकदा मतदानाच्या रांगेत बंदूक घेतलेल्या शिपायाला त्यांनी सांगितलं, "दादा, ते जरा तिकडं तोंड करून धरा, मला मत सुचंना." त्याने खरंच तोंड तिकडे केलं.

"भ्यालेलं मानूस नीट वागतंय," असं त्या म्हणायच्या. "भ्या गेलं की मानूस माजतंय. बैल बगितलास का, मोकळा सुटलेला?"

कुणाला किती भ्यायचं याचा त्यांचा दर ठरलेला होता. विंचवाला दोन आणे, सापाला चार आणे. नागेशचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, लग्न व्हायचं होतं. तरी येणाऱ्या सुनेसाठी आठ आणे आत्ताच बाजूला काढून ठेवले होते.

"आणि शंभूमहादेवाला?" मी विचारलं होतं.

"त्याला सगळा रुपाया."

"अक्का, बेरीज रुपयाच्या वर जाते."

"जाऊ दे की. भ्यात बेरीज नसती, सुधाकर. तुजं आडतीचं गनित आडतीत ठेव."

गावात बायोगॅसची सरकारी योजना आली तेव्हा विक्रमभाऊंनी पहिलं संयंत्र अक्कांच्या परसात बसवलं. विक्रमभाऊ गावातलं दूध संकलन केंद्र चालवायचे, तालुक्याच्या पुढाऱ्यांच्या बैठकीत पुढच्या सतरंजीवर बसायचे, आणि या योजनेतल्या टाक्यांचं कामही त्यांनीच घेतलं होतं. घरातल्या बाईच्या नावावर अर्ज, शेणापासून गॅस, धूर बंद, झाडं वाचली, आणि खर्चाचा मोठा भाग सरकार देणार. ऐकायला चांगलं होतं. अक्कांच्या घरी जनावरं होती, घर रस्त्यावर होतं, आलेल्या साहेबांना दाखवायला सोयीचं.

टाकी बसवणारा मिस्त्री जाताना चेष्टेत म्हणाला, "अक्का, ह्या टाकीला रोज चारा लागतो बरं का. एक दिवस उपाशी ठेवली तर रागावती."

त्याने चेष्टा केली, अक्कांनी हुकूम म्हणून घेतला. ऊन असो, पाऊस असो, ताप असो, सकाळी पाट्यांनी शेण, तेवढंच पाणी, काठीने ढवळून, काडीकचरा हाताने वेचून टाकीत. नातेवाइकाच्या लग्नाला लातूरला गेल्या तर मला बजावून गेल्या, "टाकी उपाशी ठिवू नको, फुटंल बिटंल." मी दोन दिवस ऑफिसच्या पँटवर शेण कालवलं आहे. त्या भीतीमुळे अक्कांची टाकी चालली. गावात तेवढी एकच चालली.

बाकीच्यांचं असं झालं, की विक्रमभाऊंची माणसं येऊन खड्डा खणून गेली. काही ठिकाणी विटांचं गोल बांधकाम झालं, काही ठिकाणी वर घुमट बसला, नळी कुठेच पोहोचली नाही. पण अनुदान सुटायला पेटत्या शेगडीपाशी उभ्या असलेल्या लाभार्थी बाईचा फोटो लागायचा. म्हणून विक्रमभाऊ एका दुपारी बायकांना घेऊन अक्कांच्या दारात आले.

"अक्का, ह्यांचं काम चालूच हाय. पुढल्या हप्त्यात सगळ्यांच्या घरी पेटतंय. तवर तुमच्या चुलीपाशी फोटू काढू द्या, कागद अडकून पडायलेत."

अक्कांचं स्वयंपाकघर सोवळ्याचं. पाय धुतल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नाही. पण शेजारणींचं काम अडलं म्हटल्यावर त्या नाही म्हणाल्या नाहीत. दारात घागर ठेवली. बाई आली की पाय धुवायची, आत जायची, शेगडीपाशी उभी राहायची, विक्रमभाऊंचा माणूस मोबाइलवर फोटो काढायचा, आणि बाहेर येताना अक्का तिच्या हातात चहाची बशी द्यायच्या. हे तीन-चार दुपारी चाललं. एकूण एकेचाळीस बायका. माझ्या बायकोचं नाव त्यात नव्हतं, कारण आमच्याकडे जनावरच नाही. तशी चाँदभाईंच्या राबियाबीकडेही दोन शेळ्याच होत्या. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नासेक किलो शेण लागतं. दोन शेळ्यांच्या लेंड्यांवर ती टाकी कशी चालणार होती, हा हिशोब अर्ज मंजूर करणाऱ्या कुठल्याही टेबलावर कुणी केला नाही. फोटोच्या कोपऱ्यात जागेचे अक्षांश-रेखांशही छापून यायचे. एकेचाळीस फोटोंवर तेच आकडे. तेही कुणी वाचले नाहीत.

आकडे कुणी वाचले नाहीत, पण विभूती दिसली. अक्का दर सोमवारी आंघोळ झाल्यावर शेगडीला आणि तिच्यामागच्या भिंतीला तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढायच्या. जुनी मातीची चूल होती तेव्हाही ओढायच्या. त्यामुळे गावातल्या एकेचाळीस घरांमध्ये, जातपात धर्म न बघता, चुलीमागे विभूतीचे तेच तीन पट्टे सरकारी कागदावर आले.

विक्रमभाऊंचा तो पुढचा हप्ता कधी आलाच नाही. दोन उन्हाळे गेले. बांधलेल्या गोलात कुणी कडबा भरला, कुणी कोंबड्या सोडल्या. एका घरी घुमटावर म्हातारा उन्हाला बसायचा. बायका सरपणालाच जात राहिल्या. मग कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यातून तक्रार गेली, वर प्रश्न विचारला गेला आणि चौकशी समिती नेमली गेली. समितीचे प्रमुख निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी ठरवलं, की ज्या गावांत योजना झाली तिथेच सगळ्यांसमोर सुनावणी घ्यायची. आमच्या गावाची सुनावणी शाळेच्या मोठ्या वर्गात लागली.

पहिल्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. पुढच्या खुर्च्यांवर विक्रमभाऊ आणि त्यांची माणसं, मागे सतरंजीवर बायका. साहेब म्हणजे सावकाश बोलणारे, जाड चष्म्याचे. त्यांनी टेबलावर फोटो मांडले आणि एक उचलून विचारलं, "राबियाबी कोण?"

राबियाबी उभी राहिली. साहेबांनी फोटो तिच्यापुढे धरला. "ही तुमच्या घरची शेगडी?"

तिने पुढच्या खुर्च्यांकडे बघितलं. "हाव."

"तुमच्या घरी चुलीला विभूती लावतात?"

राबियाबीने पदर डोक्यावर पुढे ओढला. "लावताव साहेब, कधीमधी. बरकत येती म्हून."

सगळा वर्ग हसला. मग विक्रमभाऊ हसत नाहीत हे लक्षात आलं आणि हसू मागच्या रांगेपासून पुढे असं विझत गेलं. साहेबही हसले नाहीत. त्यांनी बाकीचे फोटो एकाशेजारी एक लावले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "ही भिंत कुणाच्या घरची आहे ते आपण पुढच्या मंगळवारी बघू." उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कागदोपत्री एकेचाळीस संयंत्रं चालू होती. विक्रमभाऊंचं म्हणणं होतं, की सगळ्या टाक्या पेटल्या, नंतर बायकांनी शेण घातलं नाही, म्हणून बंद पडल्या. ते खरं ठरलं तर अनुदानाची वसुली त्या बायकांकडून निघेल.

त्या संध्याकाळी गावात कुणी मोठ्याने बोललं नाही. वसुली म्हणजे काय हे सगळ्यांना कळत होतं. राबियाबीच्या दोन्ही शेळ्या विकल्या तरी पहिला हप्ता निघाला नसता.

विक्रमभाऊ अक्कांच्या घरी आले ते रविवारी. मी ओट्यावर दाढी करत होतो, म्हणून सगळं ऐकलं. पांढरी गाडी लांब उभी केली, चप्पल बाहेर काढली, पाय धुतले. सभ्यपणात माणसाने काही कमी ठेवलं नाही. बरोबर दोन माणसं होती, एकाच्या हातात चुन्याची बादली.

"अक्का, तुमच्या चुलीमागं लई काळं झालंय. म्हणलं सणावाराचं, पांढरं करून द्यावं."

"काळं कशानं होईल? ह्या गॅसला धूरच न्हाई, तुमीच सांगितलतं."

"असू द्या. करायलाव तर करू द्या." ते खाटेवर बसले, अप्पांनी दिलेला चहा घेतला. "मंगळवारी साहेब इचारतील. म्हणायचं, गावात समद्यांच्या घरी असंच पेटत हुतं. बास. त्यापुढं तुमाला काई म्हाईत न्हाई."

"अन् त्या बाया?"

"त्यांची वसुली निघंल. थोडी थोडी भरतील. तुमच्यावर काई येत न्हाई, तुमची टाकी चालू हाय. कावून मदी पडता?" त्यांनी बशी खाली ठेवली. "नागेश रोज घाटातनं गाडी आनतो ना आपली? चांगला पोरगा हाय. वळनावर जपून चालव म्हनावं."

नागेश विक्रमभाऊंच्या केंद्राची दुधाची गाडी चालवायचा. माझ्या हनुवटीवर साबण वाळत चालला होता आणि वस्तरा मी हातात धरून ठेवला होता. गालाला लावायची हिंमत नव्हती. पलीकडून भिंतीवर कुंचा फिरल्याचा आवाज येत राहिला.

गाडी गेल्यावर अक्का आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. पायाला चुन्याचे थेंब होते.

"सुधाकर, तू हिशोबाचा मानूस. सांग आता. कुनाला किती भ्यायचं?"

मी हिशोब मांडायचा प्रयत्न केला. एका बाजूला नागेश, दूध, गावात राहणं. दुसऱ्या बाजूला एकेचाळीस घरं आणि त्यांच्या नावाच्या नोटिसा. या दोन गोष्टी एका तराजूत बसत नव्हत्या. एकीकडे एक जीव आणि दुसरीकडे वर्षानुवर्षांचं कर्ज. एकाची शंका, दुसऱ्याची जवळजवळ खात्री.

"अक्का," मी म्हणालो, "खरं बोला असं मी सांगणार नाही, कारण नागेश माझा मुलगा नाही. खोटं बोला असंही सांगणार नाही, कारण नोटीस माझ्या घरी येणार नाही. मलाही भीती वाटते. एवढंच खात्रीने सांगता येतं."

"म्हंजी तू काईच सांगंनास."

"नाही."

"बरंय," त्या म्हणाल्या. "भ्यालायस म्हंजी नीट हायेस." आणि उठून गोठ्याकडे गेल्या, कारण टाकीची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पलीकडे अप्पांचा आवाज चढलेला ऐकू आला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच ऐकला. "अगं, उद्या साहेब यायलेत. आजच्या दिस ऱ्हाऊ दे विभूती. शेगडीला लाव, भिंतीला नको." त्यावर अक्कांचं म्हणणं मला अर्धवट ऐकू आलं. "विक्रमभाऊला चार आने भ्याले. चुना लावू दिला. त्याच्या वर त्याला देयाला माज्याकडं न्हाई." मग नेहमीचं शिव शिव, आणि भप्प.

मंगळवारी सकाळी साहेब आधी अक्कांच्या घरी आले. पाय धुऊन आत गेले. भिंत लख्ख पांढरी, ओल्या चुन्याचा वास, आणि त्या चुन्यावर ताजे तीन पट्टे. साहेबांनी हातातल्या फोटोकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघितलं. "शाळेत या," एवढंच अक्कांना म्हणाले.

शाळेत जाताना अक्कांनी माझ्या बायकोचा हात धरला होता. ती नंतर सांगत होती, की हात बर्फासारखा गार होता. वर्गात त्यांना टेबलासमोर खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या, आणि टेबलावरचा पाण्याचा पेला हलायला लागला.

"बाई, या सगळ्या फोटोंतली शेगडी तुमची आहे का?"

"साहेब, मला लई भ्या वाटायलंय."

"घाबरू नका. इथे तुम्हाला कुणी काही करणार नाही."

"तुमी आज हितं, उद्या ममईला. तुमाला काय ठावं."

साहेबांनी चष्मा काढला. "बरं. कशाची भीती वाटते ते सांगा."

त्यांनी ते धीर द्यायला म्हणून विचारलं असावं. आपण सगळेच लहान मुलाला तसं विचारतो. पण अक्कांना कुणी हे विचारलं की त्या उत्तर द्यायच्या. आयुष्यभर देत आल्या होत्या. विक्रमभाऊंना हे माहीत असायला हवं होतं. तेही याच गावातले. मी दाराकडे बघितलं. दारात त्यांचे दोघे उभे होते, चुन्याची बादली घेऊन आलेले तेच.

"पयलं भ्या ह्या विक्रमभाऊचं," अक्का म्हणाल्या आणि त्यांच्याकडे बोट केलं. "हे निळ्या शर्टात बसलेत. परवा घरी आलते. भिंतीला चुना लावून गेले. म्हनले, समद्यांच्या घरी पेटत हुतं म्हना. म्हनले, नागेशला वळनावर जपून चालव म्हनावं. माजं एकच लेकरू हाय साहेब, यांच्या गाडीवर हाय. घाट तुमी येताना बगितलाच असंल. दुसरं भ्या ह्या बायांचं. ह्या माज्या चुलीपाशी उभ्या ऱ्हायल्या, फोटू काढले, च्या पिऊन गेल्या. यकीच्या घरी बी गॅस पेटला न्हाई. आता पैसे ह्यांच्याकडनं घेनार म्हनायलेत. उद्या हापशावर ह्या माज्याकडं कशा बगतील, त्याचं भ्या. तिसरं तुमचं, तुमी समदं लिवून घ्यायलाव म्हून."

विक्रमभाऊ उभे राहिले. "साहेब, म्हातारीचं डोकं ठिकाणावर न्हाई. ती गावात समद्यांनाच असं—"

"बसा," साहेब म्हणाले. "त्यांचं भ्या अजून संपलेलं नाही."

विक्रमभाऊ बसले. अक्का म्हणाल्या, "संपलं साहेब. उरलेलं एक हाय, पन ते हितलं न्हाई. ते घरचं हाय." आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावून मग कुठे खुर्चीत बसल्या.

लिहून घेणारा माणूस अजून शेवटचं वाक्य उतरवत होता. तेवढ्यात सतरंजीवरून राबियाबी उठली.

"साहेब, त्या दिशी मी खोटं बोलले. आमच्यात विभूती लावत न्हाईत. माजा फोटू अक्काच्या घरी काढला. मला बी लई डर वाटायली, पन आता अक्कानं सांगितलंच तर..." ती उभीच राहिली. मग तिच्याशेजारची उठली. मग मागची. कुणी भाषण केलं नाही. प्रत्येकीने नाव सांगितलं आणि "माजा बी तिथंच" म्हणाली. काहींचे नवरे दारातून खुणा करत होते, गप्प बस म्हणून. तीन जणी नाही उठल्या. त्यांना मी दोष देत नाही.

सुनावणी संपल्यावर विक्रमभाऊ जाताना अक्कांपाशी थांबले. वाकून नमस्कार केला. "अक्का, येतो. दूध आनत जावा."

पुढचं थोडक्यात सांगतो. बायकांवरची वसुली साहेबांनी तिथेच थांबवायला सांगितली आणि त्यांच्या नावाच्या नोटिसा आजपर्यंत आलेल्या नाहीत. समितीचा अहवाल वर गेला. तो पुढे कुठे आहे हे मी दोनदा अर्ज करून विचारलं. विचाराधीन आहे असं उत्तर आलं. विक्रमभाऊंवर काहीही झालेलं नाही.

नागेशला अक्कांनी त्याच संध्याकाळी गाडीची चावी परत करायला लावली. दुसऱ्या दिवसापासून केंद्रावर त्यांच्या दुधाला फॅट लागेना. गेलं वर्षभर त्याच म्हशींचं दूध चांगल्या दरात जात होतं. केंद्रावरचा माणूस म्हणायचा, "मशीन हाय अक्का, मी काय करू?" अप्पांच्या दुकानात उधारीवाले सोडून कुणी येईना. रोज कधी ना कधी पांढरी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. काच वर, आतलं काही दिसायचं नाही, आणि तासाभराने निघून जायची. कुणी काही केलं नाही. पण माझी बायको परसदाराला कडी लावायला लागली आणि मी घाटनांदूरहून येताना मागे कुणाची गाडी आहे का ते बघायला लागलो. अक्कांच्या दारात बायका येईनाशा झाल्या. हापशावर बोलायच्या, पण इकडेतिकडे बघून आणि घागर भरेपर्यंतच.

"हे बग, मला वाटलं ते झालं का न्हाई," अक्का म्हणाल्या. "हापशावरचं भ्या मी साहेबाला सांगितलंतं."

"त्या तुमच्यावर रागावलेल्या नाहीत, अक्का. भ्यालेल्या आहेत."

"म्हाईत हाय. म्हून तर बरं वाटतंय."

नागेशला चाकणच्या एका कारखान्यात काम लागलं. दोन महिने तो तिकडे आणि हे दोघे इकडे असं चाललं. मग एकदा अप्पांना दुकानाचं शटर ओढताना विक्रमभाऊंच्या त्या दोघांनी मदत केली. फक्त मदत, हसत, हात लावून, "अप्पा, जड हाय, आमी वडताव" म्हणून. अप्पा घरात आले ते जेवलेच नाहीत. त्यानंतर म्हशी आणि गाय बाजारात गेल्या आणि नागेश आई-बापाला न्यायला आला.

निघायच्या सकाळी पांढरी गाडी चौकात होती. टेम्पोत सामान भरलं: खाट, डबे, अप्पांचा काटा, देव. मी आंबाजोगाईपर्यंत सोडायला बरोबर निघालो. गल्लीतलं एकही दार उघडं नव्हतं. अक्का पुढच्या सीटवर बसल्या आणि दोन्ही बाजूंनी एकेका दाराकडे बघत गेल्या. कुणी बाहेर आलं नाही. ज्या बायांनी शाळेत उभं राहून नावं सांगितली, त्यांच्याही दारांना कड्या. मला राग आला. अक्कांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या फक्त बघत होत्या.

गाव संपल्यावर रस्ता वळतो आणि ओढ्याचा पूल लागतो. तिथून गाव दिसत नाही, चौकही दिसत नाही. पुलाच्या पलीकडे बाभळींच्या आडोशाला बायका उभ्या होत्या. पंधरा-वीस तरी असतील. पायांना शेतातला चिखल, लुगडी काट्यांना लागून विस्कटलेली. कुणाच्या हातात खणनारळ, कुणाच्या हातात भाकरीचं फडकं. राबियाबीच्या हातात शेळीच्या दुधाची बाटली होती. नागेशने टेम्पो थांबवला.

अक्का उतरल्या. एकीने ओटी भरली, दुसरीने भरली. कुणी मोठ्याने रडलं नाही. सगळ्या अधूनमधून वळणाकडे बघत होत्या.

"कावून आलात गं?" अक्का म्हणाल्या. "भ्या न्हाई वाटलं का तुमाला?"

"वाटलं की," राबियाबी म्हणाली. "म्हून तर समद्या शेतातनं आलो. रस्त्यानं यकटी बी आली न्हाई."

अक्कांनी तिच्या पायांकडे बघितलं, मग बाकीच्यांच्या. "चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "जाताना बी तसंच जा."

टेम्पो निघाला. मी आंबाजोगाईला अक्का-अप्पांना पुण्याच्या गाडीत बसवून दिलं, नागेश सामान घेऊन टेम्पोने पुढे गेला आणि मी दुपारी परत फिरलो. बस पुलाशी आल्यावर कंडक्टरला हात केला, गावाच्या अलीकडेच उतरलो आणि शेतातल्या वाटेने घरी गेलो.